'नायिका' कोणाला म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : प्रभातच्या १९३७ सालच्या 'कुंकू' या चित्रपटाविषयी लिहिताना त्याला 'स्त्रीप्रधान' म्हणावे, 'नायिकाप्रधान' म्हणावे की 'स्त्रीवादी' म्हणावे, आणि हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. 'स्त्रीप्रधान' हा शब्द कथेत मुख्य स्थान कोणाचे आहे एवढेच सांगतो; 'स्त्रीवादी' हा शब्द कथेने कोणाची बाजू घेतली ते सांगतो. १९९१ सालचा 'माहेरची साडी' निःसंशय स्त्रीप्रधान आहे, परंतु सुनेच्या सोशिकपणाला गौरवणाऱ्या त्या चित्रपटाला स्त्रीवादी म्हणणे मला मान्य नाही. 'पुरुषप्रधान' हे विशेषण आपण समाजाला लावतो, चित्रपटाला सहसा लावत नाही, कारण चित्रपट तसा असणार हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. 'नायिकाप्रधान' ही तर द्विरुक्तीच आहे, कारण प्राधान्य 'नायिका' या शब्दातच सामावलेले आहे.

दोन गाणी आणि एक रुसवा एवढेच वाट्याला आलेल्या पात्राला 'नायकाची नायिका' म्हणण्याची सवय परीक्षणांत आणि निवेदनांत इतकी रुजली आहे, की हा शब्द मुळात काय सांगतो याचा विचारच कोणी करत नाही. 'नी' म्हणजे नेणे. या धातूला कर्तृवाचक प्रत्यय लागून 'नायक' होतो आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'नायिका'. लेखिका म्हणजे लेखकाची पत्नी नव्हे, स्वतः लिहिणारी. तशी नायिका म्हणजे नायकाची प्रेयसी नव्हे, स्वतः नेणारी. संस्कृत व्याकरणाने हा भेद फार काटेकोरपणे जपला आहे : स्वतः शिकवणारी ती 'आचार्या' आणि आचार्याची पत्नी ती 'आचार्यानी'. आपण मात्र 'नायिका' हा शब्द 'आचार्यानी'च्या पंगतीला नेऊन बसवला.

याच धातूपासून नेता, नेत्र, विनय आणि अभिनय हे शब्द आले. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती 'परिणीता'. 'परिणय' म्हणजे अग्नीभोवती नेणे, आणि 'परिणीता' म्हणजे जिला तसे नेले गेले ती. धातू एकच, पण एका शब्दात स्त्री नेण्याच्या क्रियेचे कर्म आहे आणि दुसऱ्यात कर्ता. जुन्या चित्रपटांतील स्त्रीचित्रणाचा विचार करायला याहून नेमकी फूटपट्टी नाही, असे माझे ठाम मत आहे. दुर्गा खोटे यांनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये साकारलेली तारामती पतीच्या सत्यव्रतापायी विकली जाते. ती परिणीता आहे. त्याच दुर्गाबाईंनी १९३६ साली प्रभातच्याच हिंदी 'अमरज्योती'मध्ये उभी केलेली सौदामिनी पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यावर समुद्रावर चाचेगिरी करत सत्तेशी वैर धरते. ती नायिका आहे. कंपनी तीच, दिग्दर्शक शांताराम तेच, अभिनेत्रीही तीच, आणि मधे अवघी चार वर्षे.

काही अभ्यासक येथे 'नाट्यशास्त्र'कार भरतमुनींच्या अष्टनायिका पुढे करतात. वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका, प्रोषितभर्तृका अशा आठही जणी प्रियकराशी असलेल्या नात्यावरून ओळखल्या जातात, म्हणून 'नायिका' हा शब्दच पुरुषसापेक्ष आहे, असे ते म्हणतात. हे साफ चूक आहे. ते आठ प्रकार नायिकेच्या अवस्थांचे आहेत. अवस्थांची यादी म्हणजे शब्दाची व्याख्या नव्हे. धनंजयाने 'दशरूपक' या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात नायिकेला 'तद्गुणा' म्हटले आहे, म्हणजे जे गुण नायकाचे तेच तिचे. याच श्लोकात तो स्वतःची, दुसऱ्याची आणि सर्वसाधारण, म्हणजे रूढ नावांनी स्वीया, परकीया आणि सामान्या, असे तीन भेद करतो. ते सर्वांना पाठ असतात आणि शेजारचा 'तद्गुणा' मात्र नजरेतून सुटतो, याचा मला खरोखर संताप येतो.

आता 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरच्या या चित्रपटात शांता आपटे यांच्या नीरेचे लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशी लावले जाते. विधीने ती परिणीता झाली; परंतु त्याची पत्नी म्हणून राहण्यास ती ठाम नकार देते आणि त्या नकारानेच पुढची सगळी कथा चालते. केशवराव दाते यांचे काकासाहेब बदलतात तेही तिच्या नकारापुढे. ती शब्दाच्या पूर्ण अर्थाने नायिका आहे. 'स्त्रीवादी' हे विशेषण मी 'कुंकू'ला लावतो, परंतु एक गोष्ट नोंदवूनच : नीरेची सुटका अखेर काकासाहेबांच्या आत्महत्येने होते, तिने स्वतः दार उघडल्याने नव्हे. ते दार १९८२ साली 'उंबरठा'त स्मिता पाटील यांच्या सुलभाने उघडले. 'कुंकू'विषयी लिहिताना म्हणून 'स्त्रीवादी' अवश्य लिहावे, नीरेला 'नायिका' म्हणावे, आणि शांता आपटे यांच्याविषयी लिहायचे असेल तेथे 'अभिनेत्री' हाच शब्द वापरावा.