वाचकांचे प्रश्न : बुचांचा मासा पुन्हा कचरा होऊ नये म्हणून

टाकाऊ वस्तूंचं शिल्प चौकात, नदीकाठी किंवा शाळेच्या आवारात उभारण्याविषयी विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. ‘कसं करू?’ हे सगळेच विचारतात. ‘दोन वर्षांनी त्याचं काय होईल?’ हे एकाच पत्रात होतं. खरं तर काम सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न तोच आहे, म्हणून पुढच्या प्रत्येक उत्तरात तो मनात धरला आहे.

प्रश्न : बाटल्यांच्या बुचांचा ३ मीटर लांब आणि दीड मीटर उंच मासा आमच्या शाळेला नदीकाठी उभा करायचा आहे. बुचं किती लागतील आणि चिकटवायला कोणता गोंद घ्यावा?

गोंद घेऊच नका. ही बुचं पॉलिप्रॉपिलीनची किंवा एचडीपीईची असतात आणि या दोन्ही प्लास्टिकना गोंद धरत नाही. ग्लू गनचा गोंद पहिले काही दिवस छान दिसतो. पण कडक उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्या तापमानाला हा गोंद मऊ पडतो आणि बुचं घसरायला लागतात. मग खाली पडलेली बुचं पहिल्या पावसात थेट नदीत! ज्या कचऱ्याबद्दल बोलायचं, तोच आपण पाण्यात सोडलेला असतो.

बुचं तारेनेच बांधा. २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी नळीचा सांगाडा करा (नळीची जाडी २ मिलिमीटर). त्यावर ५० मिलिमीटर चौकटीची वेल्डिंगची जाळी ताणा. प्रत्येक बुचाला, शर्टाच्या बटणाला असतात तशी, दोन भोकं पाडा. एकाच भोकातून बांधलेलं बुच वाऱ्याने गरगर फिरतं, भोक झिजून मोठं होतं आणि बुच निसटतं. भोकं पाडायला ड्रिल वापरलंत तर प्लास्टिकचा भुसा उडतो आणि तो गोळा करता करता नाकी नऊ येतात. त्यापेक्षा चामड्याला भोकं पाडायचा पोकळ पंच आणि हातोडी घ्या. बुच लाकडी ठोकळ्यावर पालथं ठेवून एक ठोका दिला की अखंड टिकली निघते. टिकल्या डब्यात साठवा. तापवलेला खिळा मुलांच्या हातात देऊ नका, त्याने प्लास्टिक वितळून निघणाऱ्या धुराचा त्रास होतो.

तार १ मिलिमीटरची पुरते. दोन्ही टोकं जाळीच्या मागे पिळा आणि आतल्या बाजूला वाकवा, नाहीतर हात फिरवणाऱ्याची बोटं ओरबाडतात. जाळीवर जस्ताचा मुलामा असेल तर तारही तशीच घ्या. जस्ती जाळीला स्टेनलेसची तार बांधली आणि ती वारंवार भिजत राहिली, तर सांध्यापाशी जस्त लवकर झिजतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता हिशेब. साधारण ३० मिलिमीटर व्यासाची बुचं कडेला कड लावून बसवली तर एका चौरस मीटरला सुमारे १,१०० लागतात. तुमच्या माशाची एक बाजू लंबगोल धरली तर साडेतीन चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून ७ आणि शेपूट-पंखांचा १, असे ८ चौरस मीटर होतात. म्हणजे ८,८०० बुचं. फुटकी-तडकी निघतात ती धरून १०,००० जमवा. त्यांचं वजन जेमतेम २०-२५ किलो भरेल. दोघांची जोडी तासाला ६०-७० बुचं बसवते असं धरलं, तर दहा जोड्यांना प्रत्येकी १५ तास लागतील. हा आकडा वेळापत्रक आखण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

एक विनंती आहे. ‘सर्वांत जास्त बुचं कोण आणतो’ अशी स्पर्धा लावू नका. जिंकायच्या नादात मुलं नवीन बाटल्या विकत घ्यायला लावतात.

प्रश्न : असा मासा वाऱ्याने उलटू नये म्हणून पाया किती जड हवा?

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण शिल्प हलकं असलं की ते सुरक्षित आहे असा अनेकांचा समज असतो. वाऱ्याला शिल्पाच्या वजनाशी देणंघेणं नसतं. तो पाहतो फक्त वाटेत आडवं येणारं क्षेत्रफळ.

वाऱ्याचा दाब (न्यूटन प्रति चौरस मीटर) काढायला वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणतात. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा. सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरचा वारा धरला तर दाब ९६० येतो. ३ बाय दीड मीटरचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर. आकाराचा गुणांक १.३ धरला तर माशावर सुमारे ५,६०० न्यूटन, म्हणजे ५७० किलो वजनाइतका ढकलणारा जोर येतो. माशाचा मध्य जमिनीपासून २ मीटर उंच असेल तर उलटवणारा आघूर्ण (जोर गुणिले उंची) ११,२०० न्यूटन-मीटर होतो. पाया २.४ मीटर चौरस असेल तर तो कडेवर उलटतो, म्हणून भागायचं १.२ ने. त्यावर दीडपट सुरक्षितता घेतली की १४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १,४३० किलो वजन लागतं. २.४ बाय २.४ मीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा ठोकळा १,३८० किलोचा होतो. सांगाडा आणि बुचं मिळून दीडशे किलो धरले की हिशेब जुळतो.

तुमच्या जागेचा वाऱ्याचा वेग वेगळा असू शकतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून अंतिम आकडेमोड स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. पाया नुसता जड असून भागत नाही, सांगाडा आणि पाया यांचा जोडही तेवढाच जोर सोसणारा हवा. लॉस एंजेलिसचे वॉट्स टॉवर्स भंगार लोखंड, जाळी आणि सिमेंटचे आहेत, वर काच आणि चिनीमातीचे तुकडे जडवलेले. ते धोकादायक ठरवून पाडायचं घाटत होतं, तेव्हा १९५९ साली त्यांच्यावर १०,००० पौंडांचा, म्हणजे साडेचार हजार किलोंचा ताण देऊन पाहिला. मनोरे हलले नाहीत, ओढणारी यंत्रणाच वाकली. तुम्हीही लोकांसाठी जागा खुली करण्याआधी शिल्पाला दोर बांधून, ताणकाटा लावून ओढून पाहा. त्या वेळी जवळपास कोणी उभं राहू नये.

प्रश्न : ड्रम कापून काढलेल्या लांब पट्ट्या उन्हाळ्यात लाटेसारख्या फुगल्या. प्लास्टिक खराब होतं का?

नाही, पट्ट्या दोन्ही टोकांना घट्ट आवळल्या गेल्या. एचडीपीई तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे ०.१२ ते ०.२ मिलिमीटर वाढतं. रात्र आणि भरदुपार यांत ४० अंशांचा फरक पडला तर १ मीटरची पट्टी ५ ते ८ मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीचं लोखंड अर्धा मिलिमीटर वाढतं. पट्टीच्या एका टोकाला गोल भोक ठेवा, बाकी सगळी भोकं लांबट करा. मोठा वॉशर घाला आणि नट पट्टी सरकेल इतपतच आवळा.

प्रश्न : कोणता कचरा शिल्पात अजिबात घेऊ नये?

बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सुया आणि औषधांचा कचरा, कीटकनाशकांचे डबे, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, जुन्या रंगाची पोपडी धरलेलं लाकूड. त्या रंगात शिसं असू शकतं. पीव्हीसीही (पाइपांचं प्लास्टिक) टाळा, कारण ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा, विषारी वायू निघतो. तुकड्यांची सरमिसळ झाली असेल तर बादलीभर पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई तरंगतात, पेट (बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी बुडतात. तुकडा आत दाबून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका, नाहीतर चाचणी फसवते.

जाळ्यांचे आणि दोऱ्यांचे सुटे धागे बाहेर लोंबू देऊ नका, पक्ष्यांचे पाय अडकतात. ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीही ठेवू नका. त्यात मुलाचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं.

प्रश्न : शिल्प सुंदर झालं. लोक फोटो काढतात आणि शेजारीच बाटली टाकून जातात. आमचं काय चुकलं?

बहुधा फलक चुकला. ‘इथे रोज शेकडो लोक कचरा टाकतात’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला लाज वाटेल असं आपण समजतो. त्याला कळतं ते एवढंच की इथे सगळेच टाकतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात हे तपासलं. अश्मीभूत (दगड झालेल्या) लाकडाचे तुकडे मोजून वाटांवर ठेवले आणि दोन तऱ्हांचे फलक लावले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाची हानी झाली’ या फलकाजवळचे जवळजवळ ८ टक्के तुकडे नाहीसे झाले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ या साध्या विनंतीजवळचे २ टक्क्यांहून कमी.

शिल्पाचंही तसंच आहे. कचऱ्याचा नुसता ढीग उभा केला तर तो ‘सगळे असंच करतात’ हेच सांगतो. म्हणून वस्तू कुठून आली, कोणी वेचली आणि पुढे काय करायचं, हे दिसू द्या. फलकावर तीन ओळी पुरेत : ‘या माशात १०,००० बुचं आहेत. या काठावरून ती ६० जणांनी वेचली. तुमची बाटली डावीकडच्या पेटीत टाका.’ आकडे अर्थातच तुमचे, खरे आणि मोजलेले घाला. आणि डावीकडे पेटी खरोखर ठेवा, वीस पावलांच्या आत. पेटी नसेल तर फलक लावू नका.

परिणाम झाला की नाही हे फोटोंच्या संख्येवरून कळत नाही. शिल्प उभारण्याआधी ४ आठवडे आणि नंतर ८ आठवडे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, १०० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्ट्यातल्या वस्तू मोजून उचला. शिल्पापासून दूरचा तसाच एक पट्टा सोबत मोजा. पाऊस किंवा सुट्ट्यांमुळे कचरा कमी-जास्त झाला तर तो दोन्हीकडे होतो. फरक फक्त शिल्पाजवळ दिसला तरच श्रेय शिल्पाचं.

प्रश्न : बाटल्या ‘खाणारा’ जाळीचा मासा करावा का?

रिकामा करणारा माणूस आणि वार ठरला असेल तरच करा. १ घनमीटर पोटात १ लिटरच्या न चेपलेल्या सुमारे ५०० बाटल्या मावतात. तोंड गोल आणि ९ सेंटिमीटरहून किंचित लहान ठेवा, म्हणजे पिशव्या आणि खरकटं आत जात नाही. तोंडाची आतली कड मात्र घासून गुळगुळीत करा. तळाशी कुलपाचं दार हवं, वर नको. वरून बाटल्या उपसणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. भरून वाहणारा मासा दोन दिवसांत उकिरडा होतो.

प्रश्न : शिल्प किती वर्षं ठेवावं?

साहित्य सांगेल तितकी. चंडीगडचं नेकचंद यांचं रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुलं झालं आणि आजही उभं आहे, कारण फुटक्या चिनीमातीला आणि बांगड्यांच्या काचेला ऊन बाधत नाही आणि सिमेंट त्यांना धरून ठेवतं. कायमस्वरूपी काम हवं असेल तर ती वाट धरा. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात २०१८ च्या त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी समुद्रातून काढलेल्या सुमारे ५ टन प्लास्टिकचा देवमासा कालव्यातून वर झेपावताना उभारला होता. प्लास्टिकला असं ठरलेल्या मुदतीचं कामच शोभतं.

बुचांच्या माशाची दर तीन महिन्यांनी तपासणी करा. दक्षिणेकडचं, सर्वांत जास्त ऊन खाणारं बुच निवडा आणि त्यावर अंगठा घासा. अंगठ्याला पांढुरकी पूड लागली तर वरचा थर सुटायला लागला आहे. मग तेच बुच दोन बोटांत दाबा. वाकून परत आलं तर उतरवायला अजून थोडे महिने आहेत. कडकन तुटलं तर त्या बाजूची सगळी बुचं त्याच आठवड्यात उतरवा, कारण आता त्यांचे कण मातीत आणि पाण्यात जाणार. असं ठिसूळ झालेलं प्लास्टिक पुनर्वापरवालेही नाकारतात, म्हणून तुटेपर्यंत थांबू नका, पूड दिसताच उतरवायला घ्या. तारेने बांधलेली बुचं पक्कडीने भराभर सुटतात. ती रंगाने नव्हे, प्रकाराने वेगळी करून पोत्यात भरा, वजन करा आणि किती किलो पुनर्वापराला गेलं तो आकडा त्याच फलकावर लिहा. सांगाडा आणि पाया तसाच ठेवता येतो.