नववीतील मुलीला विज्ञानाकडे वळायचे बळ कसे द्यावे?

नमस्कार ताई,

आपली मुलगी गणितात हुशार असूनही "अकरावीला विज्ञान नको, ते मुलांना जमतं" असे म्हणू लागली आहे, आजींचाही लांबच्या कॉलेजला विरोध आहे, आणि अशा वेळी तिला प्रोत्साहन कसे द्यावे, असे आपण विचारले आहे. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की अशा मुलीला शाबासकीपेक्षा हाताला काम, अभ्यासाला वेळ आणि घरच्यांची साथ यांची गरज जास्त असते.

आधी तिच्या शाळेतील प्रात्यक्षिके कशी होतात ते पाहा. साहित्य अपुरे असले की चार-पाच जणांचा गट करतात, आणि माझ्या पाहण्यात अशा गटात बहुधा मुलगे उपकरणे जोडतात, तर मुली निरीक्षणे टिपून सुवाच्य अक्षरात प्रयोगवही पूर्ण करतात. वह्या वेळेवर तपासून होत असल्याने शिक्षकांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. मग दहावीपर्यंत ओहमचा नियम मुलीला तोंडपाठ होतो, पण ॲमीटर एकसर आणि व्होल्टमीटर समांतर जोडायचा हे तिच्या हातांनी कधी केलेलेच नसते, आणि "हे मुलांचे काम" ही समजूत तिची स्वतःची होऊन बसते. गटातील कामे आळीपाळीने द्यावीत, अशी विनंती शिक्षकांना अवश्य करा. घरी प्लग काढून ठेवलेल्या मिक्सरचे कार्बन ब्रश बदलणे, सायकलची साखळी बसवणे ही कामे तिला करू द्या. भावाला अभ्यासाला बसवून तिला भाकऱ्यांसाठी उठवण्याची रीत घरात असेल, तर ती आजच बंद करा.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत; एक वर्ष कामगिरी पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले, आणि १९३९ मध्ये वनस्पतींमधील सायटोक्रोम सी या, पेशींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या प्रथिनावरील कामासाठी त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्यांच्या जिद्दीबद्दल सगळेच बोलतात, पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण ते जग त्यांच्या घराला परके नव्हते. आपल्या घरात अशी ओळख नसेल, तर ती बाहेरून करून द्यावी लागेल. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी भरणारे विज्ञान प्रदर्शन तिला दाखवा. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्र सरकारचा 'विज्ञान ज्योती' उपक्रम जवाहर नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. आपल्या जिल्ह्यातील विद्यालयात त्याची चौकशी करा.

अकरावीत मात्र गणित सोडू देऊ नका. ते सुटले की अभियांत्रिकी पदवीची वाट जवळजवळ बंद होते, म्हणून मन ठरत नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीसाठी जाण्याचा मार्गही चांगला आहे.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४ च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शासनाच्या केंद्रीभूत, म्हणजे एकत्रित, प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले दहावीतच काढून ठेवा. प्रवेशाच्या ऐन गर्दीत ते हाती येत नाहीत.

राहिला आजींचा विरोध. त्यांची काळजी खरी आहे आणि ती केवळ वादाने दूर होणार नाही. पुढच्या सुट्टीत आजींना सोबत घेऊन एखाद्या महिला पॉलिटेक्निकचे वसतिगृह पाहून या, आणि जेवण, येण्याजाण्याच्या वेळा, आजारपण याबद्दल तिथल्या रेक्टरबाईंना त्यांनाच विचारू द्या.