सीलची पिले कोरड्यावर जन्मतात, मग समुद्र बिघडला की ती का मरतात?

आपण विचारले आहे की सीलची पिले जर किनाऱ्यावर किंवा बर्फावर जन्मतात, तर समुद्राचे तापमान, प्रवाह किंवा खाद्य बदलल्याने त्यांच्या प्रजननात फरक का पडावा. आणि पडतच असेल, तर हे प्राणी विण्यासाठी दुसरीकडे का जात नाहीत. मी या क्षेत्रातला संशोधक नाही, परंतु सागरी सस्तन प्राण्यांविषयी अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे: पिलू कोरड्यावर जन्मत असले, तरी ते ज्या चरबीवर आणि दुधावर वाढते ती सगळी समुद्रातून आलेली असते, त्यामुळे समुद्र बिघडला की त्याची झळ आधी आईच्या अंगाला लागते आणि मग पिलाला. ज्या बर्फावर किंवा वाळूवर पिलू पडून असते, ती जागा टिकणे हा दुसरा प्रश्न आहे, आणि तोही अखेर समुद्राच्याच हातात असतो.

सुरुवात गर्भापासून करायला हवी, कारण बरेच नुकसान इथेच होते आणि ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. सीलची मादी साधारणपणे वर्षाला एकच पिलू देते. व्याल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती पुन्हा फळते, पण तयार झालेला भ्रूण लगेच गर्भाशयात रुजत नाही. तो दोन ते चार महिने जवळजवळ निद्रिस्त राहतो आणि मग त्याची वाढ सुरू होते. यामुळे पुढची वीत बरोबर त्याच ऋतूत येते. ज्या मादीला मधल्या महिन्यांत पुरेसे खायला मिळाले नाही, ती भाकड राहते किंवा गाभण असूनही पुढे गाभडते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रातील हार्प सीलमध्ये हा संबंध स्पष्टपणे दिसून आला आहे: कॅपलिन नावाचा छोटा, चरबीयुक्त मासा ज्या वर्षी कमी असतो, त्या वर्षी शेवटच्या महिन्यांत गाभडणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढते. बर्फावर एकही मेलेले पिलू दिसत नाही, तरी त्या हंगामाची पिले गेलेली असतात. म्हणूनच एखाद्या वर्षी जन्म कमी झाले, तर त्याचे कारण त्या आठवड्याच्या हवामानात न शोधता आधीच्या उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या समुद्रात शोधावे लागते.

पिलू जन्मल्यानंतर काय होते, हे त्या जातीची आई दूध कशाच्या जोरावर पाजते यावर ठरते. इथे दोन अगदी वेगळे संसार आहेत. बाहेरून कान न दिसणारे जे खरे सील, त्यांतल्या मोठ्या जातींच्या माद्या शिदोरी बांधून येतात: महिनोन्‌महिने समुद्रात खाऊन अंगावर चरबी साठवायची आणि मग काहीही न खाता त्या चरबीचे दूध करायचे. हुडेड सीलची आई उत्तर अटलांटिकच्या तरंगत्या बर्फावर फक्त चार दिवस पाजते, पण त्या दुधात सुमारे 60 टक्के स्निग्धांश असतो, पिलू रोज साधारण सात किलोने वाढते आणि चार दिवसांत त्याचे वजन दुप्पट होते. उत्तरेकडील हत्ती सीलची मादी किनाऱ्यावर जवळजवळ चार आठवडे उपाशी राहून पाजते आणि त्या काळात आपले सुमारे 40 टक्के वजन गमावते. अशा आईच्या बाबतीत विण्याच्या दिवसांत समोरचा समुद्र कसा आहे याला फारसे महत्त्व नसते. किनाऱ्यापासून दूर, गेल्या सात-आठ महिन्यांत तिला काय मिळाले हे महत्त्वाचे असते. शिदोरी हलकी असली की दूध तुटताना पिलाचे वजन कमी भरते, आणि त्या वजनावर पहिले वर्ष पार पडण्याची शक्यता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

फर सील आणि समुद्रसिंह यांच्या माद्यांचे मात्र हातावर पोट असते. त्या पिलाला किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जातात, काही दिवस खातात, परत येऊन दिवस-दोन दिवस पाजतात आणि पुन्हा जातात. हे महिनोन्‌महिने चालते. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर अंटार्क्टिक फर सीलचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. तिथे परत आलेली मादी पाण्यातून वर येताच हाक मारू लागते, दगडांमधून दहा-वीस पिले ओरडत तिच्याकडे धावतात, ती एकेकाला हुंगते, परक्याला दात दाखवून हाकलते आणि आपले सापडले की तिथेच कुशीवर पडते. चांगल्या वर्षी ही फेरी चार-पाच दिवसांची असते. क्रिल म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव. ते ज्या वर्षी कमी असतात, त्या वर्षी हीच फेरी दुपटीने लांबते. आई जिवंत असते, तिला पान्हाही असतो, तरीही पाच-सहा किलोंचे ते पिलू दोन पाजण्यांमधले वाढलेले अंतर सहन करू शकत नाही. या माद्यांच्या बाबतीत समुद्राचा परिणाम महिन्यांनी नाही, तर काही दिवसांत दिसतो.

(ही विभागणी अगदी काटेकोर नाही. हार्बर सील खरा सील असला, तरी मादीचे शरीर लहान असल्याने शिदोरी पुरत नाही, आणि पिलू आठवड्याभराचे होईपर्यंत ती पुन्हा मासे पकडू लागते.)

या हातावरच्या पोटाचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे 1982-83 चा एल निन्यो (प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षांनी उबदार होण्याची घटना) आणि त्याच महासागरातील गॅलापागोस बेटांवरचे फर सील. नेहमीच्या वर्षी व्यापारी वारे पृष्ठभागाचे पाणी पश्चिमेकडे ढकलतात, त्याच्या जागी खालचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर माशांची पुढची सगळी साखळी चालते. एल निन्योत हे वारे मंदावतात, उबदार पाण्याचा थर जाड होतो, आणि क्षारयुक्त थंड पाणी त्याच्या खालीच अडकून राहते. मासे कमी होतात, आणि जे उरतात ते खोल जातात. गॅलापागोसचा फर सील आपल्या कुळातला सर्वांत लहान प्राणी आहे. तो रात्री, पृष्ठभागाजवळ आलेले मासे आणि माकूळ उथळ बुडी मारून पकडतो. खाद्य पन्नास-शंभर मीटर खाली सरकले, की मोठ्या सीलला ते अडचणीचे असेल, पण याच्या दृष्टीने ते संपल्यासारखेच. त्या हंगामात 1982 साली जन्मलेली जवळजवळ सगळी पिले मेली.

याच बेटांवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते आणि मला ती मोठ्या संहारापेक्षाही बोलकी वाटते. इथली मादी पिलाला दोन-दोन, तीन-तीन वर्षे पाजते. पाणी थंड आणि समृद्ध असेल तर थोरले पिलू लवकर वाढते आणि स्वतः शिकार करू लागते. पाणी उबदार राहिले तर त्याची वाढ रेंगाळते, आणि धाकटे जन्मते तेव्हाही ते आईच्या अंगावर पीतच असते. थोरले धाकट्याला ढकलून सड बळकावते, कधी चावते; आई काही वेळा मध्ये पडून थोरल्याला झटकते, परंतु ती समुद्रात गेली की धाकट्याचे कोणी नसते, आणि दूध पुन्हा मिळण्याआधीच अशी बरीच धाकटी पिले उपासमारीने मरतात. म्हणजे समुद्राच्या तापमानातला दोन-तीन अंशांचा फरक इथे भावंडांच्या भांडणाच्या रूपाने दिसतो.

कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहांवरही 2013 ते 2016 या काळात अशीच वेळ आली. उबदार पाण्यामुळे बेटांजवळचे सार्डिन आणि अँचोव्हीसारखे चरबीयुक्त मासे कमी झाले, माद्यांना कमी पौष्टिक भक्ष्यावर भागवावे लागले, आणि जूनमध्ये जन्मलेली, अजून महिनोन्‌महिने दुधावर असायला हवी होती अशी पिले जानेवारीपासूनच बेटे सोडून मुख्य भूमीच्या किनाऱ्याला लागू लागली: सैल लोंबणारी कातडी, मोजता येतील अशा बरगड्या. एकट्या 2015 मध्ये अशी 3,000 हून अधिक पिले सापडली.

आता बर्फाकडे वळतो. हार्प सीलच्या नवजात पिलाची पांढरी लव हवेत ऊब देते, पण भिजली की तिचा उपयोग राहत नाही, आणि कातडीखाली चरबी साठायला वेळ लागतो. आई बारा दिवस पाजून निघून जाते. त्यानंतरही काही आठवडे पिलाला पायाखाली भक्कम बर्फ लागतो. कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातात 2010 साली बर्फ जवळपास धरलाच नाही, तेव्हा काही माद्या आणखी उत्तरेकडे गेल्या आणि ज्या पातळ, फुटक्या लाद्यांवर व्याल्या त्यांची पिले मोठ्या संख्येने बुडाली. रिंग्ड सीलची गरज आणखी नाजूक आहे: त्याला बर्फावर साचलेल्या हिमात पोकळी करून पिलू लपवावे लागते. वसंतात लवकर पाऊस पडला की छप्पर खचते, आणि चार-पाच किलोंचे पिलू थंडी आणि ध्रुवीय अस्वल या दोघांच्याही तावडीत उघडे पडते.

परंतु बर्फ जितका जास्त तितके सीलचे भले, असा निष्कर्ष कृपया काढू नका. अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रात 1970 च्या दशकाच्या मध्यात बर्फ असामान्यपणे जड झाला, तेव्हा रिंग्ड सीलची पिले झपाट्याने घटली. अंटार्क्टिकामध्ये मार्च 2000 मध्ये रॉस हिमस्तरापासून सुमारे 11,000 चौरस किलोमीटरचा बी-15 हा हिमनग सुटला; त्याच्या तुकड्यांनी मॅकमर्डो साउंडची वाट अडवली, दरवर्षी फुटून वाहून जाणारा बर्फ तिथेच राहून जाड होत गेला आणि मोकळे पाणी दूर गेले. वेडेल सील दातांनी बर्फ घासून श्वासाची भोके उघडी ठेवतो आणि भेगांच्या आधाराने वर येतो; बर्फ असा साचून राहिल्यावर तिथल्याच एरेबस उपसागरात विण्यासाठी येणाऱ्या माद्या कमालीच्या घटल्या. हिमनग सरकल्यावर त्यांची संख्या पुन्हा वाढली. त्यावरून लक्षात येते की त्या माद्या मेल्या नव्हत्या. बऱ्याच जणींनी ती वर्षे भाकड काढली होती.

वाळूच्या किनाऱ्यांवर धोका येतो तो लाटांचा. एल निन्योच्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात वादळे आणि मोठी भरती एकदम आली, की हत्ती सीलचा कळप अरुंद पट्ट्यात दाटतो, पिले आईपासून तुटतात, परक्या मादीकडे गेली की चावली जातात, काही नरांच्या धडाखाली चिरडली जातात. हवाईच्या मंक सीलवर याहून मोठे संकट आहे, कारण त्यांची बेटेच सखल वाळूची आहेत. फ्रेंच फ्रिगेट शोल्समधले, पिले जन्मण्याचे एक मुख्य ठिकाण असलेले ईस्ट आयलंड 2018 च्या वालाका चक्रीवादळात जवळजवळ पूर्ण वाहून गेले.

एक सावधगिरी इथे सांगणे आवश्यक आहे. पिले मेली म्हणजे समुद्रच बिघडला, असे दरवेळी नसते. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर 2023 मध्ये दक्षिणेकडील हत्ती सीलची त्या हंगामातली बहुतेक सगळी पिले गेली, आणि त्याचे कारण बर्ड फ्लूचा विषाणू होते. उलट दिशेनेही फसगत होते: शिकार थांबल्यानंतर सावरत असलेल्या जातीची संख्या समुद्र खराब असतानाही वाढत राहते, आणि नुसती गणती पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. माझ्या मते गणतीपेक्षा दूध तुटतानाचे पिलाचे वजन हा आकडा समुद्राची स्थिती अधिक लवकर आणि अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी, म्हणजे जागा बदलण्याविषयी: काही प्रमाणात ते घडते, पण मादी बहुधा जिथे जन्मली त्याच्या आसपासच विण्यासाठी परतते, त्यामुळे नव्या वसाहती हळूहळू वसतात. शिकारीतून वाचलेले उत्तरेकडील हत्ती सील मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावरून उत्तरेकडे पसरले, तेव्हा कॅलिफोर्नियातील आन्यो नुएव्हो बेटावर पहिले पिलू 1961 मध्ये आणि समोरच्या मुख्य भूमीवर 1975 मध्ये जन्मले. मधला समुद्र एखाद्या दिवसात पार होण्याइतका अरुंद असूनही चौदा वर्षे गेली. शिवाय नवी जागा सुरक्षित असेलच असे नाही. फ्रेंच फ्रिगेट शोल्समध्येच ईस्ट आयलंडच्या आधी व्हेल-स्केट नावाचे बेट झिजून गेले होते. तिथल्या माद्या जवळच्या ट्रिग बेटावर दाटीने विऊ लागल्या, आणि तिथे उथळ पाण्यात येणाऱ्या शार्कनी पिले उचलायला सुरुवात केली.