सात किलोत मावतं का हो?

प्रश्न: पुणे-दिल्ली विमानाने चाललेय, चार दिवस, फक्त केबिन बॅग. आई म्हणते लोणचं आणि खोबऱ्याच्या वाट्या ने मावशीला. जमेल?

उत्तर: खोबरं विसरा! सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात बंदी, खाली सामानातही नाही. लोणच्याची बरणीही घरीच ठेवा, सिक्युरिटीवाले काढून ठेवू शकतात (माझं कैरीचं गेलं, अजून हळहळतेय). त्यापेक्षा चिवडा न्या. पॉवरबँक मात्र हातातल्याच बॅगेत. आता वजन, बहुतेक ठिकाणी 7 किलो, त्यात रिकामी चाकांची बॅगच अडीच-तीन किलो खाते, म्हणून साधी सॅक घ्या, जीन्स आणि जड बूट अंगावर घाला, कुर्ते तीन पुरे, रात्री एक धुवायचा.