पुस्तक मिटल्यावर किती आठवतं?

प्रश्न : ताई, परीक्षा पाच आठवड्यांवर आलीये. रोज नऊ-दहा तास बसते, सगळं हायलाइट करून झालंय, तिसरं वाचन चालू आहे आणि वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. पण मागच्या सराव परीक्षेत पेपर हातात आला आणि डोकं एकदम ब्लँक, हात गार, पहिली वीस मिनिटं नुसती बघत बसले. घरी आल्यावर सगळं आठवलं! आता अभ्यासाला बसलं की तोच दिवस डोळ्यासमोर येतो, लक्ष लागत नाही, मग मोबाईल हातात आणि अर्धा तास गेला की रडू येतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : घरी आल्यावर आठवलं ना, म्हणजे ते डोक्यात होतं गं. हे आधी मनात पक्कं कर. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, आणि कॉर्टिसॉल वाढलेलं असताना साठवलेली गोष्ट बाहेर काढणं जड जातं. तू ढ नाहीस आणि आळशी तर मुळीच नाहीस.

चुकतंय ते एवढंच, की तू आत भरायची प्रॅक्टिस केलीस, बाहेर काढायची नाही. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि आपण त्या ओळखीलाच "येतंय" समजतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

तर उद्यापासून हायलाइटर ठेवून दे. दोन-तीन पानं वाच, पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भर. पहिले दोन-तीन दिवस निम्मंही आठवणार नाही आणि तुला वाटेल आपल्याला काहीच येत नाही, पण प्लीज तिथे सोडू नकोस, ती जी आठवताना ताण देऊन ओढाओढ होते ना त्यातूनच ते पक्कं होतं. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने असाच काढ. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय, म्हणून पहिली उजळणी लांबवायची नाही.

लक्षाचंही बरंचसं यातच सुटतं. डोळे ओळींवरून फिरत असतात तेव्हा मन कुठेही जाऊ शकतं, कोऱ्या कागदापुढे तसं जाता येत नाही. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत (उलटा करून टेबलावर नको, दुसऱ्या खोलीतच). मध्येच त्या पेपरचा विचार आला तर बाजूच्या कागदावर एक ओळ लिही आणि परत ये. दहा तास बसूच नकोस, असे खरे सहा तास खूप झाले.

आठवड्यातून एकदा पूर्ण वेळ लावून, पुस्तक लांब ठेवून, शक्यतो दुसऱ्याच खोलीत पेपर सोडव, म्हणजे तो ताण ओळखीचा होईल. पेपरच्या आधी दहा मिनिटं भीती जशी आहे तशी कागदावर लिहून काढ. रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासात याने घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले होते. तरी ब्लँक झालंच तर पेन खाली ठेव, श्वास घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ सावकाश सोड, असं पाच-सहा वेळा, आणि सगळ्यात सोपा प्रश्न आधी घे.

आणि एक, झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलंच असेल तर घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जा. जगणं नको असं कधी मनात आलं तर मात्र परीक्षा संपायची वाट बघू नकोस, त्याच दिवशी कुणालातरी सांग.

प्रश्न : मुलीची परीक्षा आहे, पण ती निवांत दिसते. थोडं टेन्शन दिल्याशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत असं मला वाटतं. दिवसातून चार वेळा विचारतो, किती झालं? ती चिडते. मी चुकतोय का?

उत्तर : तुमची काळजी कळते, आणि तुमचं निम्मं बरोबरही आहे. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले, त्यात दिसलं की थोड्या ताणाने शिकणं सुधारतं, पण काम अवघड असेल तर तोच ताण लवकर नडायला लागतो. परीक्षेचा अभ्यास अवघडच असतो आणि परीक्षेचा स्वतःचा ताण तिच्यावर आहेच, दिसत नसला तरी. त्यात तुमची भर नको. "किती झालं" ऐवजी संध्याकाळी दहा मिनिटं तिच्याजवळ बसा आणि म्हणा, आज जे केलंस ते मला समजावून सांग. तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल, उलट बरंच, तिला सोपं करून सांगावं लागेल. मध्ये अडली तर चूक काढू नका, नुसते थांबा.

प्रश्न : आदल्या रात्री जागून सगळं एकदा डोळ्याखालून घालू का?

उत्तर : नको रे. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, ती झोपच काढून घेतलीस तर केलेल्या कामाचं नुकसान. संध्याकाळी सहानंतर कॉफी नको, त्यातलं साधारण निम्मं कॅफीन पाच तासांनी अजून अंगात असतं. तुझेच आठवून लिहिलेले कागद काढ, दुसऱ्या रंगाने भरलेलं तेवढं बघ, पेन-घड्याळ बॅगेत टाक आणि नेहमीच्या वेळेला झोप.