बोलिव्हियाचा समुद्र गेला, पण गोष्ट तिथून सुरू होत नाही

तुमचा प्रश्न असा: चिलीने किनारा घेतला म्हणून बोलिव्हिया मागे पडला, हे खरं का? आणि समुद्रच नाही तर नौदल कशाला? या देशाबद्दल मी बरीच वर्षं वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा नीट बघा. ‘डोंगराळ देश’ हे वर्णन अर्धंच खरं आहे. पश्चिमेला अँडीजच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये आल्टिप्लानो हे साडेतीन हजार मीटरांहून उंच पठार. टिटिकाका सरोवर तिथलंच, 3,812 मीटरवर. ला पास शहर या पठाराच्या कडेखालच्या खोलगट दरीत वसलंय. लेहला जाऊन आलेल्यांना तिथल्या विरळ हवेची कल्पना येईल. (सरकार ला पासमध्ये बसतं, पण राज्यघटनेनुसार राजधानी सुक्रे.) मात्र जवळपास 11 लाख चौरस किलोमीटरच्या या देशाचा निम्म्याहून जास्त भाग पूर्वेकडचा सखल, उष्ण मुलूख आहे. उत्तरेला अमेझॉनचं जंगल, दक्षिणेला चाकोचं कोरडं झुडपी रान.

आता समुद्र. 1825 साली देश स्पेनपासून स्वतंत्र झाला, स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हारचं नाव त्याला मिळालं आणि आटाकामा वाळवंटाचा सुमारे 400 किलोमीटर किनाराही मिळाला. पण तो किनारा हातात होता असं म्हणणं कठीण आहे. लोक राहायचे पठारावर आणि दऱ्याखोऱ्यांत. तिथून कोबिहा या आपल्याच बंदरात पोचायचं तर आधी पर्वत ओलांडायचे आणि मग पाण्याचा थेंब नसलेलं वाळवंट. त्यामुळे व्यापारी माल न्यायचे आरिकाला, जे तेव्हा पेरूचं होतं. 1877 च्या भूकंपाने आणि त्सुनामीने कोबिहाची उरलीसुरली रयाही गेली.

त्याच वाळवंटात सोरा निघाला. युरोपातल्या शेतीला खत म्हणून आणि दारूगोळ्यासाठी त्याला प्रचंड मागणी होती. तो खणायला भांडवल आलं चिलीचं आणि ब्रिटिशांचं, मजूर आले चिलीचे. अँटोफागास्ता हे बोलिव्हियाचं बंदर, पण तिथली बहुसंख्य वस्ती चिलीच्या लोकांची. 1874 च्या तहात बोलिव्हियाने कबूल केलं होतं की चिलीच्या कंपन्यांवरचे कर 25 वर्षं वाढवणार नाही. 1878 मध्ये सोऱ्याच्या दर क्विंटलमागे 10 सेंटाव्होंचा (म्हणजे तिथल्या पैशांचा) कर लावला. तिथल्या चिलीच्या कंपनीने तो भरायला नकार दिला, सरकारने तिची मालमत्ता लिलावात काढली आणि लिलावाच्या दिवशीच, 14 फेब्रुवारी 1879 ला, चिलीचं सैन्य अँटोफागास्तात उतरलं. कर लावताना बोलिव्हियाने तह मोडला, हे मला मान्य आहे. पण दहा सेंटाव्होंच्या वादात अख्खा प्रांत गिळणं हा न्याय नव्हे.

23 मार्चला कालामाजवळ लोआ नदीच्या पुलावर दीडशेच्या आतली बोलिव्हियन तुकडी लढली. तिच्यातल्या एदुआर्दो आबारोआला शरण यायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “तुझ्या आजीला शरण यायला सांग!” असं तिथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तो तिथेच पडला. मे 1880 मधल्या ताक्नाच्या पराभवानंतर बोलिव्हिया लढाईतून बाहेर पडला. बोलिव्हियाचा मित्र म्हणून युद्धात उतरलेला पेरू पुढे एकटा लढला. 1904 च्या तहाने किनारा कायमचा चिलीकडे गेला. बदल्यात आरिका ते ला पास रेल्वे आणि चिलीच्या बंदरांतून मुक्त वाहतुकीचा हक्क मिळाला.

आजही 23 मार्च तिथे समुद्रदिन म्हणून पाळतात. नौदलही खरंखुरं आहे. ते टिटिकाकावर आणि अमेझॉनकडे वाहणाऱ्या नद्यांवर गस्त घालतं. लोक त्याला हसतात, ते मला आवडत नाही. समुद्रावरचा हक्क सोडलेला नाही, हेही त्या गणवेशात आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र 1 ऑक्टोबर 2018 रोजी 12 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला की किनाऱ्यासाठी वाटाघाटी करण्याचं बंधन चिलीवर नाही.

पण गरिबीचं कारण शोधायचं तर आणखी तीन शतकं मागे जा. 1545 मध्ये पोतोसीच्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. 4,000 मीटर उंचीवर, जिथे धड पीक येत नाही, तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास माणसं राहत होती. तेव्हा राज्य स्पेनचं होतं; त्याचा व्हाइसरॉय तोलेदोने मिता पद्धत लावली. इंका राज्यातली ही जुनी श्रमसेवा त्याने सरळ वेठबिगारी केली: ठरलेल्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाने वर्षभर पोतोसीत राबायचं. चांदी वेगळी करायला पारा वापरत. धूळ आणि पारा मिळून किती जीव गेले याची मोजदाद नाही. दक्षिण अमेरिकेतली ही चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात आली. सुरतेच्या टांकसाळीत तशी नाणी वितळवून मुघलांचे रुपये पडत. पोतोसीला मागे राहिला पोखरलेला डोंगर.

चांदीनंतर कथिल आलं, तीच तऱ्हा. त्यात 1903 मध्ये रबराचा आक्रे प्रांत ब्राझीलकडे गेला आणि 1932 ते 1935 च्या युद्धात चाकोचा मोठा भाग पॅराग्वेकडे.

आता पाळी लिथियमची. उयुनीच्या सुमारे 10,000 चौरस किलोमीटर मिठागराखालच्या खाऱ्या पाण्यात त्याचा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, आणि हे मिठागरही पोतोसी प्रांतातच येतं. एका जर्मन कंपनीशी झालेल्या कराराविरुद्ध 2019 मध्ये तिथले लोक रस्त्यावर उतरले. आमच्या प्रांताला स्वामित्वधन जास्त हवं, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारने करार गुंडाळला.