रात्री नांगर टाकताना दोरात कंजुषी करू नकोस

रात्री होडी नांगरायची कशी, हे तू विचारलंस म्हणून आधी दोराचंच सांगतो, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. अलिबागजवळ ओहोटीला तीन मीटर पाणी आहे, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर उंच आहे आणि उधाणाची भरती आणखी तीन मीटर चढणार आहे, असं धर. म्हणजे हिशेब तीनचा नाही, सातचा. लाटा असतील तर त्याच्या सातपट, जवळपास पन्नास मीटर दोर सोड. दोर आखूड असला की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटतो. दोर आणि नांगर यांच्यामध्ये दोन-चार मीटर साखळी हवीच. ती नांगराचा दांडा तळाशी आडवा ठेवते.

शीड उतरव, नाळ वाऱ्याकडे कर, होडी थांबून मागे सरकायला लागली की नांगर अलगद सोड. फेकू नकोस. दोर होडीच्या मागच्या बाजूला तर कधीच बांधू नकोस, लाट सरळ आत येते. खडकापेक्षा चिखल किंवा वाळू बरी.

मग दोरावर तळवा ठेव. थरथर जाणवली तर नांगर घसरतोय. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरून ठेव, म्हणजे होडी सरकली तर कळेल; जागा सोडली की वाजणारा फोनवरचा अलार्मही लाव. मात्र आपल्याकडे संध्याकाळचा वायव्येचा वारा पडून मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटतो आणि होडी पूर्ण फिरते, तेव्हा चहूबाजूंनी मोकळी जागा आहे ना, हे उजेड असतानाच बघून ठेव. दोर घासतो तिथे जुना पाइप चढव. पांढरा दिवा रात्रभर चालू हवा, मच्छीमार पहाटे निघतात.